मागावरचं बोलणं

बेळगावजवळच्या मच्छ्यातल्या त्या शेडमध्ये भर दुपारीसुद्धा शटर ओढून घ्यावं लागायचं. शेजारी लेथ मशिनं चालायची आणि मशिनवाल्यांना यांच्या वाजवण्याचा त्रास व्हायचा. खरं तर त्रास दोन्हीकडून सारखाच होता, पण मशिनवाले जुने आणि हे नवे, म्हणून शटर यांनी ओढायचं. आत किशन, त्याच्या गळ्यात गिटार. बेस वाजवणारा वृषभ. आणि मागं ड्रमवर परशराम. गाणं मध्यावर आलं आणि लाईट गेली.

पंखा थांबला. अंधार असा की स्वतःचा हात दिसेना. तिघंही थांबले आणि त्या अंधारात वृषभ बोलायला लागला.

तो बोलतोय हे किशनला कळलं, कारण आवाज येत होता. शब्द येत नव्हते. गोधडीत तोंड खुपसून कुणी बोलावं तसं नुसतं गुरगुरणं, थोडा चढ, थोडा उतार, मधेच एक हसणं. किशन जागच्या जागी ताठ झाला. मान पुढं काढली, मग वळवली. शेवटी आवाज वर गेला, म्हणजे काहीतरी विचारलं होतं. पुन्हा तसाच वर गेला, म्हणजे पुन्हा विचारलं.

"व्हय," किशन म्हणाला.

लाईट आली. वृषभचे ओठ दिसले आणि त्यासरशी त्याच्या आवाजात शब्द परत येऊन बसले, पाखरं तारेवर येऊन बसावीत तसे.

"मागनं न्हाय म्हणायचं न्हाय हां, किशा."

"न्हाय म्हणत," किशन म्हणाला. कशाला हो म्हणालो हे त्याला ठाऊक नव्हतं. उरलेलं गाणं त्यानं वृषभच्या ओठांवरची नजर न काढता वाजवलं.

बेळगावातल्या वडगावात किशनचं घर म्हणजे पुढच्या सोप्यात चार पावरलूम आणि त्यांच्या पलीकडं चूल, देव, बिछाने. चारी माग चालू झाले की भिंतीवरचं कॅलेंडर थरथरतं आणि भांड्यातलं पाणी शहारतं. त्या आवाजात कुणी ओरडून बोलत नाही, ओरडून उपयोगच नसतो. बोलायचं ते ओठांनी. ओठ जरा सावकाश हलवायचे, भुवईनं प्रश्न करायचा, हनुवटीनं माणूस दाखवायचा. किशनची आई अंबूबाई आणि शेजारच्या मागावरची नागुबाई दिवसभर अशा गप्पा मारायच्या. सुनेचं गाऱ्हाणं, लग्नाची बोलणी, कुणाची टिंगल, सगळं व्हायचं, आणि एकाही शब्दाला आवाज नसायचा. गल्लीतली पोरं पाळण्यातनंच ओठ वाचायला शिकत. त्याला कुणी शिक्षण म्हणत नसे, जसं कुणी चालण्याला म्हणत नाही.

अंबूबाई धोट्यातली सुताची कांडी बदलता बदलता ओवी म्हणायची. तीसुद्धा ओठांतच.

धोटा माझा धावतो गं, इकडून तिकडं
बोल माझं ओठावर, बघ बाळा माझ्याकडं

किशननं ही ओवी आधी पाहिली आणि मोठा झाल्यावर, माग बंद असलेल्या एका दिवशी, कधीतरी ऐकली.

वाजवणं त्याच्या हाताला आपोआप आलं. गणपतीत ताशा, मग कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडं गिटार, कॉलेजच्या रॉक बँडमध्ये कधी ड्रम, कधी कीबोर्ड, ज्या दिवशी जो आला नाही त्याची जागा. नंतर रॅप. मराठीत सुरू झालेली ओळ कानडीत वळायची आणि हिंदीत जाऊन आपटायची, कारण बेळगावात भांडण तसंच होतं. एकदा त्यानं मागाखाली माईक ठेवून त्याचा खडखडाट टिपला, त्याच्यावर आईची ओवी घातली, ओवीवर स्वतःची ओळ. गाण्याचं नाव 'धोटा', बँडचंही तेच. हुबळी, पुणे, बेंगळुरू, गोवा, जिथं गेले तिथं पोरं हात वर करून ओरडायची:

माग चालू, तोंड चालू, आवाजाचा पत्ता न्हाय
ओठ वाच दोस्ता माझ्या, कानावर भरवसा न्हाय

या ओळी लिहिल्या तेव्हा ती गल्लीची गंमत होती.

त्याचे वडील तम्मण्णा, गल्लीचे आप्पा, पन्नाशीतच बहिरे झालेले. गल्लीत बहिरा म्हणत नाहीत, 'आप्पांच्या कानात माग बसला' म्हणतात. तो कधी बसला हे घरात कुणाला कळलंच नव्हतं. आप्पा उत्तरं देत, हसत, मान हलवत. एकदा मागून हॉर्न वाजवत आलेल्या रिक्षानं त्यांना उडवलं तेव्हा कळलं. पाय बरा झाला.

शेडमधनं घरी येताना किशनला ती रिक्षा आठवत होती. तो रस्त्याच्या अगदी कडेनं, भिंतीला खांदा घासत चालला होता.

स्वतःला फसवायला त्यानं आधी शेडला दोष दिला. पत्र्याची शेड, आवाज घुमतो. म्हणून तो गाडी काढून कणकुंबीला गेला. जंगलातले आवाज टिपायचे आहेत असं घरी सांगितलं. ते खोटंही नव्हतं, नव्या गाण्यात त्याला पाखरं हवी होती.

झाडांखाली ओल होती. त्यानं रेकॉर्डर एका दगडावर ठेवला आणि मागं सरून बसला. पानांचा आवाज येत होता, लांब कुठंतरी पाणी पडत होतं. पाखरं नव्हती. ऊन चढलंय, गप्प झाली असतील, तो मनाशी म्हणाला, आणि त्याचं लक्ष रेकॉर्डरकडं गेलं.

रेकॉर्डरवर आवाज आला की हिरव्या रेघा उठतात. त्या उठत होत्या. थांबत, परत उठत, दोन बारक्या, एक उंच, परत दोन बारक्या. वारा असेल म्हणून त्यानं पानांकडं पाहिलं. पानं निवांत होती. समोरच्या फांदीवर एक बोटभर पाखरू बसलं होतं. त्याची चोच उघडत होती, गळा फुगत होता, आणि प्रत्येक फुगण्याबरोबर दगडावर हिरवी रेघ उठत होती.

किशन बराच वेळ त्या चोचीकडं बघत राहिला. ओठ वाचता येतात, चोच वाचता येत नाही.

घरी आल्यावर त्यानं ते रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घातलं आणि त्याचा वेग निम्मा केला. वेग कमी केला की बारीक आवाज जाड होतो, खाली येतो. आणि त्याच्या खोलीत पाखरं आली. झाडभर. एकमेकांना उत्तरं देणारी, भांडणारी, हाका मारणारी. सगळं रान बोलत होतं आणि तो त्याच्या मधोमध बसून आला होता.

त्यानं घाईनं ते बंद केलं. मग एकेक गोष्ट आपणहून जागेवर बसायला लागली. गेल्या दोन गाण्यांत त्यानं झांजा, 'स' आणि 'च' वर वर चढवत नेले होते. वृषभ म्हणाला होता, "लई चिरकं केलंयस रं, कानात टाचणी गेल्यागत होतंय." त्याला ते बरोबर वाटत होतं, कारण त्याला तेवढंच ऐकू येत होतं. फोन घ्यायचं त्यानं कधी बंद केलं होतं? आठवेना. 'मेसेज कर' म्हणायची सवय कधी लागली?

त्याच संध्याकाळी वृषभचा मेसेज आला. *बेळगावच्या कार्यक्रमाचं पक्कं. तू व्हय म्हणालास तसं. पहिलं गाणं पूर्ण अंधारात. मैदानात एक ठिपका उजेड न्हाय. मी हळूच एक दोन तीन म्हणणार, तू ओवी उचलायची, मी बेस धरणार. ड्रम न्हाय, काय न्हाय. मग लाईट. लोक येडी होतील.*

किशननं तो परत वाचला. अंधारात, वृषभच्या आवाजावर, एकाच श्वासात उचलायची ओवी. जगात जे एक काम त्याला करता येणार नव्हतं, ते त्यानं कबूल केलं होतं.

कानांच्या तपासणीला तो एकटाच गेला. काचेची लहानशी खोली, कानांवर जाड हेडफोन, हातात बटण. तपासणाऱ्या बाई काचेपलीकडं बसल्या.

"आवाज आला की बटण दाबायचं. कितीही बारीक असू दे. आणि खाली बघा, माझ्याकडं नको."

त्यानं खाली पाहिलं. टूं. दाबलं. टूं. दाबलं. मग शांत झालं. त्या शांततेत त्याच्या डोळ्यांनी, त्याला न विचारता, काचेतली सावली शोधली. बाईंचं कोपर. यंत्राची कळ दाबली की कोपर जरा पुढं जायचं, आणि लगेच मान किंचित वर व्हायची, दाबतोय का बघायला. कोपर. दाबलं. मान. दाबलं. माग चालू असताना आई कुठली कांडी मागणार हे तो तिच्या खांद्यावरनं ओळखायचा. हे त्यापेक्षा सोपं होतं.

हेडफोन काढल्यावर बाई हसल्या. "चांगले आहेत हो कान. थोडं जपा, गाणारे आहात."

तो बाहेर आला. रस्ता भरलेला होता. रिपोर्ट चांगला होता, आणि त्याला ठाऊक होतं की त्यातलं अर्ध्याहून जास्त त्यानं ऐकलंच नव्हतं. फसवायचं म्हणून त्यानं फसवलं नव्हतं. त्याला न फसवणं जमतच नव्हतं. या अंगाला बहिरेपण लपवायची सवय इतकी जुनी होती, की ते त्याच्यापासूनसुद्धा लपून बसलं होतं. उद्या उरलेलंही जाईल आणि तो हसत, मान हलवत बसेल. आप्पांसारखा. 

घरी माग चालू होते. आप्पांनी त्याला दारात पाहिलं आणि आपला माग थांबवला. बाकीचे तीन चालूच होते. आप्पांनी ओठ हलवले.

"कधीपासनं?"

"काय कधीपासनं?" किशननंही ओठांनीच विचारलं.

"तू माणसाच्या तोंडाकडं बघतोस. डोळ्याकडं बघत न्हाईस. मी पण असंच बघत होतो."

किशननं आईकडं पाहिलं. अंबूबाईची पाठ होती, ती तुटलेला धागा जोडत होती.

"आईला सांगू नका, आप्पा."

 आप्पांचा हात मागाच्या लाकडावर होता, थांबलेल्या जनावराच्या पाठीवर असावा तसा.

"तुझं पयलं गाणं आलं," आप्पांचे ओठ म्हणाले, "तू मला ऐकवलास. मी मान हलवली. लई भारी म्हणालो. मी ते ऐकलं न्हवतं, किशन. आवाज आला, गाणं आलं न्हाय. सांगितलो न्हाय. तेवढं लपवलो म्हणून नंतरचं सगळं लपवायला लागलं. तुझं एकबी गाणं मी ऐकलो न्हाय."

तीन माग खडखडत होते. आप्पांनी कळ ओढली आणि चौथाही चालू झाला.

दुसऱ्या दिवशी किशन निपाणीच्या गाडीत बसला. वृषभचे वडील, भुजबली अण्णा, यांचं तंबाखूचं गोदाम गावाबाहेरच्या रस्त्याला. अण्णा दारातच खुर्ची टाकून बसलेले.

"काय कलाकार, आज वाट चुकलास व्हय?"

"वृषभ कुठाय अण्णा?"

"हाय आत. तोंडाला बांधून जा. न्हायतर खोकून खोकून गळा जाईल, मग आमच्या पोरानं कुणामागं वाजवायचं?"

किशननं तोंडाला रुमाल बांधला आणि आत गेला. उंच छतातनं उन्हाचा एक पट्टा आला होता आणि त्यात तपकिरी धूळ तरंगत होती. तंबाखू चाळणाऱ्या बायका ओळीनं बसलेल्या. प्रत्येकीच्या नाकातोंडावर फडकं, वर फक्त डोळे. त्या बोलत होत्या, हसतही असाव्यात, कारण खांदे हलत होते. किशनला एक तोंड दिसेना. त्याच्याभोवती गुरगुरणं होतं, चढउतार होते, आणि एक शब्द नव्हता. भर दुपारी, उजेडात, मच्छ्यातला अंधार परत आला होता. असंच होणार आहे, त्याला वाटलं. सगळ्या जगाच्या तोंडावर फडकं बांधलं जाणार आहे, आणि ते सोडायचं कुणाला सुचणार नाही.

एक उंच माणूस पोत्यांमधनं त्याच्याकडं आला. पंचा नाकापर्यंत. डोळ्यांवरनं वृषभ. पंचा आत ओढला जात होता, बाहेर फुगत होता. मग तो फुगायचा थांबला, डोळे वाट बघायला लागले. काहीतरी विचारलं होतं.

'व्हय' किशनच्या जिभेवर आलं. अगदी टोकावर आलं. किती सोपं होतं ते.

"वृषभ, तोंडावरचं काढ."

पंचा फुगला.

"काढ रं. मला ऐकू येत न्हाय."

वृषभनं पंचा खाली ओढला. धूळ लागून तो खोकला, आणि खोकता खोकताच त्याचे ओठ म्हणाले, "काय म्हणालास?"

"शेडमध्ये लाईट गेलती तेव्हा तू काय विचारलास, मला कळलं न्हवतं. तोंड दिसलं तरच कळतंय. कधीपासनं, म्हायती न्हाय."

"मग व्हय कशाला म्हणालास?"

"ऐकू न आल्यावर सगळी म्हणतात तसं म्हणालो."

वृषभनं त्याच्या दंडाला धरून त्याला मागच्या दारानं बाहेर आणलं. बाहेर ऊन होतं, तोंड स्वच्छ दिसत होतं. 

"म्हणून गाणी चिरकी," वृषभ म्हणाला.

"व्हय."

"परश्या तुला शिव्या घालतोय महिनाभर. हाक मारली तर बघत न्हाय, भाव खातोय म्हणून."

"घालू दे. मला ऐकू कुठं येतात?"

वृषभ हसला आणि लगेच थांबला. "रद्द करूया का कार्यक्रम?"

"मला कार्यक्रमाचं भ्या न्हाय वाटत," किशन म्हणाला. त्याचा आवाज कापला असावा, कारण वृषभची नजर बदलली. "त्याच्या पुढचं वाटतंय. एक दिवस मी गाणार आणि मलाच म्हायती नसणार की मी काय गायलो."

 वृषभनं पंच्यानं तोंड पुसलं. "चल," तो म्हणाला. "आधी परत तपासू. या वेळी मी येतो."

वृषभ आला, अंबूबाईही आली. तिला किशननं स्वतः सांगितलं होतं, माग बंद करून, आवाज काढून. तिनं फक्त पदर खांद्यावर घट्ट ओढला होता आणि विचारलं होतं, "कधी निघायचं?"

किशननं बाईंना सांगितलं, खुर्ची फिरवा. पाठ काचेकडं. बाईंनी त्याच्याकडं पाहिलं आणि खुर्ची फिरवली.

आता समोर नुसती भिंत होती. पांढरी, गुळगुळीत. कोपर नाही, सावली नाही, ओठ नाहीत. टूं. दाबलं. मग एक लांब, लांब शांतता, आणि त्या शांततेत नक्की काहीतरी वाजत होतं. पाठीमागं कुणीतरी कळ दाबत होतं, परत दाबत होतं, वाट बघत होतं.  अंदाजानं दाबावं असं त्याला फार वाटलं. त्यानं दाबलं नाही. जन्मात पहिल्यांदा त्यानं न ऐकलेलं न ऐकलेलंच राहू दिलं.

बारीक आवाजांतलं बरंच गेलं होतं, डाव्या कानाचं जास्त. गेलेलं परत येणार नव्हतं. उरलेलं जपता येईल, किती वर्षं ते बाईंना सांगता येईना. मागावर बसायचं नाही, आवाज खाली, स्टेजवर कानात बोळे. कानाचं यंत्र लावता येईल. परत येताना वृषभ गाडी चालवत होता. अंबूबाई मागच्या सीटवरनं काहीतरी म्हणाली, किशनला ते कळलं नाही, आणि त्यानं मान हलवली नाही. मागं वळून तो म्हणाला, "परत म्हण, आई."

कार्यक्रम संध्याकाळचा होता. मैदान भरलं होतं. लाईट गेली तेव्हा पोरांनी शिट्ट्या घातल्या असतील. किशनच्या कानांत बोळे होते, त्याला फक्त छातीत काहीतरी घरघरल्यासारखं झालं आणि थांबलं. मग अंधार. एक ठिपका उजेड नाही, वृषभनं लिहिलं होतं तसं. पण एक ठिपका असणार होता. वृषभनं माईकच्या दांड्याला, हनुवटीखाली, एक बारका बल्ब बांधून घेतला होता. फक्त ओठ दिसतील एवढा.

बल्ब लागला नाही.

किशन उभा राहिला. शेडमधला अंधार, गोदामातला, पांढऱ्या भिंतीपुढचा, सगळे येऊन एकमेकांत मिसळले. वृषभ बोलला असेल का? एक दोन तीन होऊन गेले असतील का? हजारो माणसं त्याची वाट बघत असतील आणि तो इथं तोंड मिटून. त्याला आपल्या हृदयाचा ठोकासुद्धा ऐकू येईना. हे असं, त्याला वाटलं. पुढं रोज हे असं.

मग अंधारात, उजव्या हाताला, दोन ओठ उजळले. धडाशिवाय, चेहऱ्याशिवाय, नुसते ओठ. ते सावकाश हलले. मागावर हलतात तसे. वृषभ निपाणीचा, त्याच्या घरात कधी माग नव्हता; त्यानं हे अंबूबाईकडनं शिकून घेतलं असणार.

एक. दोन. तीन.

किशननं ओवी उचलली. स्वतःचा आवाज त्याला हाडांतनं, जबड्यातनं आला, विहिरीत कुणी बोलावं तसा. पायाखालच्या फळीतनं बेस वर चढला आणि तो बरोबर होता.

लाईट आली. भीती गेली नव्हती. ती शेजारी येऊन उभी होती, बँडमधल्या आणखी एका माणसासारखी. पुढच्या ओळीत अंबूबाई होती आणि तिच्याजवळ आप्पा, हात गुडघ्यांवर, मान पुढं काढलेली. आप्पा त्याच्या डोळ्यांकडं बघत नव्हते. तोंडाकडं बघत होते.

ओवी दुसऱ्यांदा घ्यायची होती. किशन माईकपासून थोडा मागं सरला, तोंड झाकलं जाऊ नये म्हणून, आणि ओठ जरा सावकाश हलवले.